हरलेल्या कोंबड्यानं जायचं कुठं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

आमच्या परसात सात कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. कोंबड्या जुन्या आहेत. कोंबडे घरीच निघालेले. एक कोंबडी खुडूक बसली तेव्हा ओळखीच्यांकडून अंडी आणून तिच्याखाली ठेवली होती. आता ते सात महिन्यांचे आहेत. एकाच आईच्या पंखाखाली वाढले, एकमेकांना चिकटून झोपायचे. महिन्याभरापासून मात्र एकमेकांच्या जिवावर उठलेत. मुलानं त्यांची नावं राजा आणि पिंट्या ठेवली आहेत. राजा जिंकतो, पिंट्या रक्तबंबाळ होतो. मी धावत जाऊन सोडवते, पिंट्याला दोन-तीन दिवस डालग्याखाली ठेवते, जखमा सुकल्या की सोडते, आणि तासाभरात पुन्हा तेच. गेल्या आठवड्यात राजा माझ्याच अंगावर धावून आला. दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या मुलाच्या पोटरीत त्याच्या पायामागचा काटा घुसला. घरचे म्हणतात, राजाला काढून टाक. मला वाटतं, वाढवण्यात माझंच काहीतरी चुकलं. त्याला वळण कसं लावू? शिवाय आणखी एक कोंबडी आता खुडूक बसली आहे. तिच्याखाली अंडी ठेवू की नको?

उत्तर:

सगळ्यात आधी मुलाच्या पोटरीचं. काट्याची जखम वरून एवढीशी दिसते, पण ती आत खोल जाते आणि काट्याला खुराड्यातली घाण लागलेली असते. साबण-पाण्यानं धुतली असेलच. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली आहे ना, ते डॉक्टरांना विचारून घ्या. लाली, सूज किंवा ठणका वाढला तर वाट पाहू नका. आणि हा प्रश्न सुटेपर्यंत मुलानं एकट्यानं कोंबड्यांमध्ये जायचं नाही. यावर मी घासाघीस करणार नाही. कोंबडा उडी घेऊन पाय पुढे करतो तेव्हा मोठ्या माणसाच्या गुडघ्या-मांडीला लागतं. वाकून अंडी उचलणाऱ्या मुलाचे डोळे नेमके त्याच उंचीवर असतात.

आता राजा आणि पिंट्या. "एकाच आईच्या पंखाखाली वाढले" हे तुम्ही ज्या सुरात लिहिलंय, त्यात थोडं दुःख आहे आणि थोडा आरोपही. भाऊ-भाऊ असून असं कसं वागतात! पण भाऊपण ही आपली गोष्ट आहे. कोंबडा चार-सहा महिन्यांत वयात येतो, तुरा मोठा आणि लालभडक होतो, पायामागचे काटे वाढू लागतात, आणि कालपर्यंत जो शेजारी होता तो स्पर्धक होतो. लहानपणच्या लुटुपुटूच्या टकरींतून ठरलेला क्रम या वयात मोडतो आणि नव्यानं लावावा लागतो. दिवस मोठे होत जाण्याच्या काळात तर नरांची मस्ती आणखीच वाढते. तुमचं वेळापत्रक बघितलं तर सगळं अगदी वेळेवर झालंय. तुमची चूक शोधायची असेल तर ती वाढवण्यात नाही. ती दुसरीकडे आहे, तिच्याकडे येतेच.

कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचणार याची उतरंड असते, हे घरी कोंबड्या पाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. १९२१ साली थोर्लिफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकानं ती पहिल्यांदा शास्त्रशुद्ध मांडली. लहानपणापासून तो कोंबड्यांची टिपणं वहीत लिहून ठेवायचा. या उतरंडीचा मुद्दा असा की ती भांडणं लावण्यासाठी नसून मिटवण्यासाठी असते. एकदा ठरलं की वरच्यानं नुसती मान उंचावली तरी खालचा बाजूला होतो, आणि दोघांचंही रक्त वाचतं. पण ते ठरायला दोन गोष्टी लागतात: झुंज शेवटापर्यंत जायला हवी, आणि हरलेल्याला निघून जाता यायला हवं.

तुमच्या परसात या दोन्ही गोष्टी होत नाहीयेत.

झुंज कधी जवळून, न सोडवता पाहिली आहे का? दोघं समोरासमोर येतात, डोकी जमिनीपाशी, मानेची पिसं छत्रीसारखी उघडलेली. काही क्षण कोणीच हलत नाही. मग गंमत होते: त्या ताणात एकजण एकदम खाली चोच मारतो, दाणा टिपल्यासारखी. तिथं दाणाबिणा काही नसतो. लढू की पळू, या ओढाताणीत सापडलेलं जनावर असं भलतंच काहीतरी करून बसतं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक या कृतीचा दाखला वर्षानुवर्षं देत आले आहेत. त्यानंतर छातीवर छाती, उडी, पाय पुढे, पुन्हा समोरासमोर. आणि मग एका क्षणी एकाची पिसं मिटतात, मान बाजूला वळते, आणि तो काढता पाय घेतो. झुंज संपते ती इथं. पहिलं रक्त येतं तिथं ती संपत नाही.

तुम्ही धावून जाता त्या बहुतेक या क्षणाच्या आधी. पिंट्याला उचललं की तो हरलेला नसतो, नाहीसा झालेला असतो. दोन-तीन दिवसांनी तो बरा होऊन, ताज्या दमाचा परततो. राजाच्या दृष्टीनं हिशेब अर्धवट राहिलेला, पिंट्याच्याही दृष्टीनं तसाच. त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून. महिन्याभरात तुम्ही एक झुंज आठ-दहा वेळा सुरू करून दिली आहे, ती मायेपोटीच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपण ऐकत आलोय. इथं तर ते झाकल्यामुळेच रोज नव्यानं फुटतंय.

याचा अर्थ हात बांधून बघत बसा असा नाही. झुंज ठरण्याकडे चाललीय की नुसता छळ चाललाय, हे आधी ओळखावं लागतं. त्यासाठी मारकुटा कोण याकडे बघू नका. हरणारा मागे फिरल्यावर जिंकणारा काय करतो ते बघा. चार पावलं पाठलाग करून, पंख फडफडवून, आरवून तो परत कोंबड्यांकडे वळत असेल तर बरं चाललंय. हरणारा पळतोय, कोपऱ्यात डोकं खुपसून बसलाय आणि तरी जिंकणारा मागून टोचतोच आहे, दाण्याला आणि पाण्याला येऊ देत नाही, संध्याकाळी दांडीवरूनही खाली ढकलतोय, तर हा छळ आहे आणि तो आपोआप थांबत नाही. सकाळी खुराडं उघडल्यावर वीस मिनिटं आणि संध्याकाळी कोंबड्या आत शिरतानाची वीस मिनिटं, असे तीन-चार दिवस नुसतं बसून बघा. शक्य असेल तर कोणीतरी मोठं माणूस सोबत बसवा, म्हणजे उठून धावायचा मोह आवरेल.

आपल्या पाळीव कोंबड्या ज्यांच्यापासून आल्या त्या रानकोंबड्यांत हरलेला नर मेला असं सहसा होत नाही. तो कळपाच्या कडेला सरकतो, झुडपाआड राहतो, वरच्याच्या नजरेआडून वावरतो. परसात कड कुठे असते? कुंपण आलं की संपलं. राजाला वाटतं हा गेला का नाही, तर पिंट्या बिचारा तारेला टेकून उभा. मी पहिल्यांदा दोन कोंबडे ठेवले तेव्हा माझीही हीच गत झाली होती. छान मोकळं, झाडून लख्ख केलेलं अंगण, लपायला एक दगडसुद्धा नाही. कोंबड्यांच्या हिशेबानं ते अंगण म्हणजे आखाडाच होता.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा: परस थोडं अस्ताव्यस्त करा. दोन-तीन फळ्या किंवा जुना पत्रा आडवा उभा करा, फांद्यांचा ढीग टाका, एखादं पिंप आडवं करा, जेणेकरून एका टोकाचा कोंबडा दुसऱ्या टोकाच्याला सतत दिसणार नाही. मात्र कुठलाही आडोसा एका बाजूनं बंद नको. आत शिरून कोंडला गेला तर तो आडोसा सापळा ठरतो. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, एकमेकांपासून लांब आणि मध्ये काहीतरी आड. रात्री बसायच्या दांड्याही दोन हव्यात. जागेचा ढोबळ हिशेब सांगायचा तर खुराड्यात दर पक्ष्याला चार चौरस फूट आणि बाहेर किमान दहा. भांडखोर नर असतील तर बाहेरची जागा याहून जितकी जास्त तितकी बरी.

आता गणित, कारण खरी गोम तिथं आहे. एका कोंबड्यामागे साधारण आठ ते दहा कोंबड्या असाव्यात असं पाळणारे धरून चालतात. तुमच्याकडे दोघांत मिळून सात. म्हणजे एकाच कोंबड्याला तुमचा कळप जेमतेम पुरतो. कोंबड्यांच्या पाठीवर हात फिरवून बघा. पिसं तुटलेली, कातडी उघडी पडलेली दिसली तर त्यांच्यावरही ताण येतोय. भांडण दोघांचं दिसतं, किंमत मात्र त्या सातजणी मोजतात.

घरचे म्हणतात राजाला काढा. मला इथं थोडं थांबावंसं वाटतं. मुलानं नावं ठेवली त्या दिवशी अर्धा निकाल लागला होता की काय? एक राजा, एक पिंट्या; एक गुंड, एक गरीब. पण पिंट्या गरीब आहे कारण राजा आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली एक सुंदर गोष्ट दाखवली: एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहाटेची पहिली बांग सगळ्यात वरच्या नराची असते, बाकीचे आपापल्या क्रमानं त्याच्यामागून आरवतात, आणि वरच्याला काढून घेतलं की दुसऱ्या क्रमांकाचा पहिली बांग देऊ लागतो. म्हणजे दबलेला कोंबडा वेगळ्या स्वभावाचा असतोच असं नाही, तो रांगेत उभा असतो. राजा गेल्यावर पिंट्या पंधरा दिवसांत कसा होईल हे तुम्हाला आज माहीत नाही.

तेव्हा "जास्त मारतो कोण" यावर निवड करू नका. दाणा दिसल्यावर कोण 'टुक टुक' करत कोंबड्यांना बोलावतो, चोचीतून दाणा उचलून पुन्हा खाली टाकतो आणि त्यांना आधी खाऊ देतो? आकाशात घार दिसली की इशारा कोण देतो? कोंबडीभोवती एक पंख झुकवून फेर कोण धरतो आणि सरळ मानगूट कोण पकडतो? आणि माणूस दिसल्यावर बाजूला कोण होतो? शेवटच्या प्रश्नाला घरात लहान मूल असताना दुप्पट वजन द्या. एवढं करूनही उत्तर "राजा जाऊ दे" असंच येऊ शकतं. पण ते तेव्हा तुमचं, पाहून ठरवलेलं उत्तर असेल.

राजा तुमच्यावर का आला, याबद्दल माझा अंदाज असा: प्रत्येक झुंजीच्या ऐन मध्यावर तुम्ही हात घालता आणि दुसऱ्याला उचलून नेता. त्याच्या लेखी या भांडणातला तिसरा कोंबडा तुम्ही आहात, आणि चांगला दांडगा. त्यात आपण घाबरून मागे सरलो की तो म्हणतो, ही हरली. लाथ मारली की म्हणतो, ही लढायला आली. दोन्ही उत्तरं त्याच्याच भाषेतली आहेत. त्याला तिसरं काहीतरी द्यायला हवं. लांब विजार आणि बूट घालून जा, हातात रुंद फळी किंवा रिकामी बादली ठेवा, आणि आपल्या कामाला सरळ, संथ चालत राहा. तो आला तर फळी मध्ये धरा, मारू नका, पळू नका, तो वळेपर्यंत नुसत्या उभ्या राहा. त्याला हातानं भरवणं थांबवा. दाणे जमिनीवर विखरा, म्हणजे ते वाटण्याचा मान त्याला मिळेल. रोज असं केल्यावर दोन-तीन आठवड्यांत बरेच कोंबडे निवळतात. काही निवळत नाहीत, आणि मग घरात मूल असताना तो कोंबडा ठेवायचा नाही.

लोक तुम्हाला इतरही उपाय सांगतील: पाय धरून उलटा लटकव, जमिनीवर दाबून धर, पाण्यात बुचकळ. यातलं काही करू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, नसतं. उलटं धरलं की आतड्यांचं ओझं हवेच्या पिशव्यांवर येतं आणि श्वास घेणं अवघड होतं. तो गप्प पडतो म्हणून शहाणा झाला असं वाटतं, पण तो फक्त गुदमरलेला असतो. वळण वगैरे काही लागत नाही. एक मात्र बघा: आधी शांत असलेला कोंबडा अचानक चिडका झाला असेल तर रात्री विजेरी घेऊन पंखांखाली, शेपटीच्या बुडाशी उवा-गोचिडी आहेत का आणि तळपायाला जखम आहे का ते तपासा. दुखणाराही डूख धरतो.

काट्यांची टोकं मात्र जरूर बोथट करा. काटा म्हणजे आत हाड आणि वर नखासारखं कवच. आतल्या भागाला रक्तपुरवठा असतो, म्हणून कापायच्या फंदात पडू नका. अंधार पडल्यावर, तो दांडीवर सुस्त असताना उचला, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि कानशीनं फक्त टोक घासून गोल करा.

जखमांबद्दल. तुरा चिरला की भळाभळा रक्त येतं आणि दिसतं त्याहून जखम बहुधा लहान असते. मिठाच्या कोमट पाण्यानं पुसा. पण लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्याही टोचायला येतात, त्यामुळे खपली धरेपर्यंत पिंट्याला वेगळं ठेवणं बरोबरच आहे. फक्त डालग्याखाली नको, जाळीच्या कप्प्यात ठेवा, कळपाच्या नजरेसमोर. दिसेनासा झाला की परतताना तो परका ठरतो. जाळीच्या खालच्या निम्म्या भागाला फळी लावा, नाहीतर दोघं तारेतूनच चोची फोडून घेतील. डोळा मिटलेला राहिला, लंगडतोय किंवा खाणं सोडलं, तर पशुवैद्याकडे न्या.

आता पर्याय. परस खरोखर मोठं असेल, आडोसे झाले असतील आणि चार दिवसांच्या निरीक्षणात पाठलाग थांबतो असं दिसलं, तर त्यांचं त्यांना ठरवू द्या. एक-दोन आठवड्यांत ते शांत होऊ शकतं. मला तुमच्या बाबतीत याची फारशी आशा वाटत नाही, सात कोंबड्यांमुळे. कळपाचे दोन भाग करणं कागदावर छान दिसतं, पण प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार कोंबड्या येतील आणि त्यांच्या पाठी सोलून निघतील. तिसरा पर्याय लोकांच्या लक्षातच येत नाही: दोन्ही कोंबडे एकत्र, पण कोंबड्यांपासून वेगळे, त्या दिसणारही नाहीत अशा जागी. भांडायला कारण उरलं नाही की असे निव्वळ नरांचे कळप पुष्कळदा गुण्यागोविंदानं राहतात. अंडी द्यायला कोंबड्यांना कोंबडा लागत नाहीच. तुमच्याकडे दुसरं खुराडं करण्याइतकी जागा असेल तर मी हे आधी करून बघेन, अर्थात इतकं रक्त सांडल्यावर दोघांना सुरुवातीला मध्ये जाळी घालूनच. तेही जमलं नाही तर एकाला दुसरं घर. ज्याच्याकडे कोंबड्या भरपूर आणि कोंबडा नाही असं कोणी असेल तर उत्तम. देताना तो माणसावर येतो हे लपवू नका. असं घर मिळालं नाही तर त्याला मारावं का, हा प्रश्न उरतो. तो तुमच्या घराचा आहे. एवढंच म्हणेन की महिनोन्महिने कोपऱ्यात टोचून घेत जगण्याला दया म्हणता येत नाही. मुलाला मात्र खरं काय ते सांगा. "राजा फिरायला गेला" असं सांगितलं तर तो रोज कुंपणापाशी वाट बघेल.

राहता राहिली खुडूक कोंबडी. आत्ता नको. निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. सहा अंड्यांतून आणखी तीन राजे निघाले तर मला पुढच्या वर्षी हेच पत्र येईल. तिच्याखालची अंडी रोज काढत राहा, तिला घरट्यातून उठवून दाण्यावर सोडा, घरटं बंद करा. आणि कोंबडे वेगळे केले तरी पुढचे दोनेक आठवडे अंडी फळलेली असू शकतात, म्हणून एखादं अंडं कोनाकोपऱ्यात राहून गेलंय का ते तेवढे दिवस रोज संध्याकाळी बघत जा.